पाजताना दुखतंय? तोंडातून सुटलेलं बोंड आधी बघा

बाळंतीण माहेरी आली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरातलं कुणीतरी म्हणतंच, "पहिलटकरणीला दुखायचंच की. कातडी राठ झाली की थांबतंय." यातलं अर्धं खरं आहे. पहिल्या आठवड्यात बाळानं तोंड लावलं की अर्धा-एक मिनिट कळ येते आणि पान्हा सुटला की ओसरते. हे बऱ्याच जणींना होतं आणि सात-दहा दिवसांत कमीही होतं. कातडी राठ मात्र कधीच होत नाही. पाजून होईपर्यंत दातओठ खाऊन बसावं लागत असेल, बोंडाला चीर पडली असेल, रक्त दिसत असेल, बाळ रडायला लागलं की आईच्याच पोटात गोळा येत असेल, तर बहुतेक वेळा बाळ चुकीच्या जागी धरतंय. ती जागा बदलली नाही तर बाजारातलं कुठलंही मलम ती चीर भरून आणत नाही.

(पुस्तकात स्तनाग्र लिहितात. घरात बोंड किंवा बोंडशी म्हणतात, म्हणून इथंही तेच.)

जीभ स्वतःच्या टाळूला लावून मागं नेत जा. पुढचा भाग कडक लागतो, मग एकदम मऊ सुरू होतो. बाळाच्या तोंडात बोंड त्या मऊ भागाजवळ पोचायला हवं. तिथं ते कशावर घासत नाही, जीभ खालून स्तनाचा काळा घेर दाबते आणि दूध येतं. तोंडात नुसतं बोंडच असेल तर ते कडक टाळू आणि जीभ यांच्या चिमट्यात सापडतं. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजायचं असतं. म्हणजे तेवढ्या वेळा चिमटा.

म्हणून बाळानं सोडल्या सोडल्या बोंडाकडे बघा. ते गोल, थोडं लांबलेलं आणि नेहमीच्याच रंगाचं असेल तर पकड बरोबर आहे. लिपस्टिकच्या नव्या कांडीसारखं एका बाजूनं तिरकं झालं असेल, चपटं झालं असेल किंवा टोकावर आडवी पांढरी रेघ उमटली असेल, तर आत ते चेपलं गेलंय. दोन मिनिटांत आकार परत येतो, त्यामुळे लगेच बघायला हवं. ही खूण चीर पडायच्या आधीपासून दिसत असते.

आता बसण्याबद्दल. पाठ भिंतीला टेकवून मांडी घाला आणि मांडीवर वाकळेची जाड घडी किंवा उशी घ्या, इतकी की बाळ स्तनाच्या उंचीला येईल. बाळाकडे वाकून पाजलं की पाठ धरतेच, शिवाय स्तन वरून लोंबतो आणि बाळ पिता पिता टोकाकडे घसरतं. दुपट्यात गच्च गुंडाळलेलं गाठोडं तसंच छातीशी धरू नका. हात आतमध्ये बांधलेले असले की बाळ अंगाशी चिकटू शकत नाही. दुपटं सोडा, बाळाचं पोट आईच्या पोटाला लागू द्या. कान, खांदा आणि कंबर एका रेषेत हवी. मान वळवून गिळायला आपल्यालाही अवघडच जातं.

डाव्या अंगाला पाजायचं असेल तर बाळ उजव्या हातावर घ्या. तळवा त्याच्या दोन्ही खांद्यांच्या मध्ये, अंगठा आणि बोटं कानांच्या खाली मानेला. डोक्याच्या मागे हात लावून ढकलायचं नाही. तिथं दाब आला की बाळ डोकं मागंच रेटतं, आणि मग "तोंडच लावत नाही" म्हणून त्याच्या नावानं ओरड सुरू होते. डाव्या हातानं स्तन खालून धरा, बोटं काळ्या घेरापासून लांब ठेवा. वडापाव तोंडात मावावा म्हणून आपण तो ज्या दिशेनं चेपतो, त्याच दिशेनं स्तन किंचित चेपायचा, बाळाच्या ओठांना समांतर.

बोंड बाळाच्या नाकासमोर आणा आणि वरच्या ओठावर हलकेच टेकवा. मग थांबा. ओठ थोडे उघडले की घाई होते, पण अर्धवट उघडलेल्या तोंडात फक्त बोंडच जातं. जांभई दिल्यासारखा मोठा आ होईपर्यंत वाट बघायची, कधीकधी अर्धं मिनिटसुद्धा. तोंड उघडलं की बाळाला झटकन अंगाशी ओढा, हनुवटी आधी टेकली पाहिजे. बाळाला स्तनाकडे आणायचं, स्तन बाळाच्या तोंडात कोंबायचा नाही.

नीट लागलेलं बाळ असं दिसतं: हनुवटी स्तनात रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, गाल भरलेले. काळ्या घेराचा भाग वरच्या ओठाच्या वर जास्त दिसतो, खाली कमी. पान्हा सुटला की दोन-तीन ओढींमागे एक घोट गिळल्याचा आवाज येतो. टक्-टक् आवाज येत असेल किंवा गालाला खळ्या पडत असतील तर पकड सुटतेय.

मिनिटभरानंतरही दुखतंच असेल तर काढा आणि पुन्हा लावा. ओढून काढलं तर असलेली चीर वाढते. हात धुऊन, नख कापलेली करंगळी ओठांच्या कोपऱ्यातून हिरड्यांच्या मध्ये सरकवा, पुक् असा आवाज होऊन सुटेल. तीन-चारदा करावं लागलं तरी करा. शेजारी बसलेल्या आत्याबाई "पिऊ दे की त्याला, का सारखं काढतीस?" म्हणतील. म्हणू दे.

आणखी एक घोळ घरोघरी दिसतो. बाळाचं नाक दबेल या भीतीनं नाकापाशी बोटानं स्तन दाबून धरायचा. त्यानं बोंड मागं खेचलं जातं आणि बाळाच्या तोंडात टोकच उरतं. नाक खरंच दबत असेल तर बाळाचं ढुंगण आपल्या पोटाकडे ओढा. डोकं आपोआप किंचित मागं जातं, नाक मोकळं होतं आणि हनुवटी आणखी रुतते.

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी चीक जाऊन दूध भरतं, आणि आदल्या दिवशी नीट पिणारं बाळ अचानक चावल्यागत करू लागतं. दोष बाळाचा नसतो. छाती दाटून दगड झालेली असते, काळा घेर ताणून बोंड सपाट होतं आणि तोंडात काही येतच नाही. अशा वेळी पाजण्याआधी दोन्ही हातांच्या बोटांची टोकं बोंडाच्या मुळाशी गोलाकार ठेवा आणि छातीकडे सरळ दाबून साठ आकडे मोजा. सूज मागं सरकते आणि घेर मऊ पडतो. मग थोडं दूध हातानं काढा आणि बाळ लावा. बाळंतिणीच्या शेगडीचा शेक दाटलेल्या छातीला फार वेळ देऊ नये, सूज वाढते. पाजण्याआधी दोन-तीन मिनिटं कोमट ओलं फडकं, पाजल्यावर दहा मिनिटं गार पाण्याचं, एवढं पुरतं.

बोंड मुळातच सपाट किंवा आत गेलेलं असेल तर दहा रुपयांच्या आसपासची सिरिंज कामाला येते. १० मिलीची घ्यायची, बोंड मोठं असेल तर २० मिलीची, नवी आणि सुईशिवाय. सुई बसते ते टोक नळीसकट धारदार ब्लेडनं सरळ कापून टाका. दट्ट्या काढून कापलेल्या बाजूनं आत घाला, म्हणजे मूळची गुळगुळीत कडा स्तनाला लागेल. कापलेली कडा अंगाला लावायची नाही, ती खरवडते. गुळगुळीत तोंड बोंडावर ठेवून दट्ट्या हळू मागं ओढा, आईला सहन होईल इतकाच, आणि अर्धा ते एक मिनिट धरा. सोडताना दट्ट्या आधी थोडा पुढं करा, मग सिरिंज काढा. दर वेळी पाजण्याच्या आधी करा. सिरिंज ज्या त्या बाईची वेगळी, आणि वापरली की साबण-पाण्यानं धुवायची.

आता लावायचं काय, हा प्रश्न लोक सगळ्यात आधी विचारतात आणि त्याचं महत्त्व सगळ्यात कमी आहे. बोंडाच्या दुखण्यावरच्या चाचण्यांचा कॉक्रेननं (वैद्यकीय उपचारांच्या चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) २०१४ मध्ये आढावा घेतला. त्यात काहीच न लावणं किंवा स्वतःचं दूध लावणं हे लॅनोलिनच्या मलमाइतकंच किंवा थोड्या काळापुरतं त्याहून बरं ठरलं. तेव्हा पाजून झाल्यावर शेवटचे दोन-चार थेंब काढून बोंडावर पसरवा, वाळू द्या आणि मग ब्लाऊज लावा. चिरेची कड कोरडी पडून ओढत असेल तर शुद्ध लॅनोलिन तांदळाच्या दाण्याएवढं बोटांवर ऊब देऊन लावा. पाजण्याआधी ते पुसावं लागत नाही. तूप आणि खोबरेल घरात असतंच, पातळ बोट फिरवलं तर बिघडत नाही. पण थापून लावलं की बोंड निसरडं होतं, बाळ टोकावर घसरतं आणि पुन्हा तोच चिमटा.

हळदीबद्दल सांगलीत बोलायचं म्हणजे धाडसच, पण चिरेवर हळदीचा लेप नको. तो सुकून कातडी ओढतो, दर वेळी घासून काढावा लागतो आणि उरलेला बाळाच्या तोंडात जातो. सुट्या पुडीत रंगाची भेसळ असू शकते, ते वेगळंच. मध अजिबात नको, एक वर्षाखालच्या बाळाच्या पोटात मध जाऊ नये. बोरिक असलेली मलमं, बधिर करणारी जेल आणि जंतुनाशक द्रावणही नकोत. दर वेळी साबणानं धुणंही बंद करा. काळ्या घेरावरच्या बारीक पुळ्यांतून तेलकट स्राव येतो, साबण तोच धुऊन टाकतो. अंघोळीचं पाणी पुरे.

ओलं फडकं किंवा भिजलेला पॅड बोंडाला चिकटून राहिला की कातडी भिजून फुगते आणि मग सहज फाटते. जुन्या सुती साडीचे चौकोन कापून ठेवा आणि ओले झाले की बदला. फडकं चिरेला चिकटलं असेल तर खेचू नका, कोमट पाण्यानं भिजवून सोडवा.

चीर खोल असेल तर कमी दुखणाऱ्या बाजूनं सुरुवात करा, पान्हा सुटल्यावर दुसरीकडे लावा. एखादी बाजू सहनच होत नसेल तर बारा ते चोवीस तास तिथं बाळ न लावता दूध हातानं काढा. अंगठा आणि बोटं बोंडापासून दोन-तीन सेंटीमीटर मागं ठेवून आधी छातीकडे, मग एकमेकांकडे दाबा आणि सोडा. कातडीवरून बोटं घसरू द्यायची नाहीत. ते दूध उकळलेल्या वाटी-चमच्यानं किंवा आजीच्या बोंडल्यानं पाजा. पहिल्या आठवड्यांत बाटलीची सवय लागली की बाळ स्तनालाही बाटलीसारखंच टोकाशी धरू पाहतं. ती बाजू रिकामी मात्र केलीच पाहिजे, नाहीतर दूध साकळून गाठ होते. दुखणं फार असेल तर पॅरासिटामॉल पाजणाऱ्या आईला चालते, डॉक्टरांना विचारून घ्या. दुधाबरोबर थोडं रक्त पोटात गेलं तर बाळाला अपाय होत नाही. ओकारी गुलाबी झाली की घर घाबरतं, पण ते आईच्या चिरेचंच आहे ना, एवढं एकदा बघून घ्यावं.

पकड सुधारूनही दुखत असेल तर कधी दुखतं ते बघा. पाजून झाल्यावर जळजळ, बोंड गुलाबी चकचकीत, खाज, आणि बाळाच्या तोंडात पुसून न निघणारे पांढरे चट्टे: ही बुरशी असू शकते. औषध आई आणि बाळ दोघांना एकदमच लागतं, एकालाच दिलं तर ती फिरून येते. बोंड सुटल्यावर पांढरंफटक, मग निळसर, मग लाल होऊन ठणकत असेल तर तिथल्या रक्तवाहिन्या आकसतायत. महाबळेश्वर-पाटणकडच्या थंडीत हे जास्त जाणवतं, तेव्हा बाळ सुटल्याबरोबर उबदार कोरडं फडकं लावा. बाळाची जीभ बाहेर येत नसेल किंवा रडताना तिचं टोक बदामासारखं खाचेचं दिसत असेल तर जिभेखालचा पडदा बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि स्तनावर लाल, गरम, दुखरा पट्टा, अंगात हुडहुडी, ताप १०१ च्या पुढं, असं झालं तर त्याच दिवशी दवाखाना. पाजणं थांबवायचं नाही, थांबवलं तर गळू व्हायची शक्यता वाढते.

बाळाला पुरतंय का, हे त्याच्या रडण्यावरून ठरवू नका. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी आणि दोन आठवड्यांपर्यंत जन्माचं वजन परत, हा हिशोब धरा.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. तिसऱ्या आणि सातव्या दिवसाची भेट नुसत्या वजनावर आणि तापावर घालवू नका. दार लोटून घ्या आणि त्यांच्यासमोर बाळ लावा, धरणं आणि सुटलेलं बोंड दोन्ही दाखवा. बाळ नुकतंच पिऊन झोपलं असेल तर त्यांना पुढच्या घरी जाऊन परतताना यायला सांगा.