सुधाकर अपमान शोधायलाच गेला होता

मी व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. आमच्याकडे वर्धापनदिनाला पेशंट लोकांनी काहीतरी बसवायचं अशी पद्धत आहे, आणि दरवर्षी तेच होतं, दारूचा राक्षस काळे कपडे घालून येतो, आई रडते, शेवटी सगळे हात धरून गाणं म्हणतात. यंदा मी म्हटलं आपण राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' नाटकातले दोनतीन प्रवेश करू. सहकारी म्हणाले, अगं ती भाषा या पोरांना झेपणारे का. पहिल्या वाचनाला मलाही तसंच वाटलं. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व मंडळींनी हे नाटक बडोद्याला रंगमंचावर आणलं, गणपतराव बोडस सुधाकर आणि बालगंधर्व त्याची बायको सिंधू, असं मी कौतुकाने सांगत होते आणि निम्मी मंडळी चहा कधी येतो ते बघत होती.

पण सुधाकर दारू सोडतो त्या भागाला आलो आणि हॉलचं वातावरणच बदललं. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी सांगते, सुधाकर हुशार वकील, कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, वकिलीची सनद काही काळासाठी जाते, त्याचा कारकून तळीराम म्हणतो थोडी घे विसरशील, आणि तिथून सुरू. मग एकदा मनापासून सोडतो, ओळखीच्या लोकांकडे नोकरी मागायला जातो, कोणी विश्वास ठेवत नाही, नाही नाही ते ऐकवतात, की परत प्याला.

हे संपलं तसा एक प्लंबर पोरगा, तिसऱ्यांदा ॲडमिट झालेला, एरवी ग्रुपमध्ये तोंड उघडत नाही, तो म्हणाला, "मॅडम, हा अपमान शोधायलाच गेला होता."

म्हटलं म्हणजे?

"म्हणजे काय, मी पण सोडली की पहिला भावाकडे जातो. तो काय बोलणार ते मला आधीच माहिती असतं. तो बोलला की मी मोकळा. घरातून निघताना मात्र खरंच वाटत असतं की समेट करायला चाललोय, खोटं नाही सांगत."

त्याच्या शेजारी आमचे ड्रायव्हर काका, ते एकदम उसळलेच. "गप रे! जगाने दार लावल्यावर माणसाने करायचं काय? मी सहा महिने कोरडा होतो, कामावर गेलो तर सगळ्यांसमोर माझी पिशवी तपासली, तोंडाचा वास घेतला. तो काय मी शोधायला गेलो होतो?" पोरगा म्हणाला पिशवी तपासली त्याच दिवशी प्यायलात ना? काका म्हणाले त्याच दिवशी, मग? आणि जी काही जुंपली, मराठीच्या प्राध्यापकांनी येऊन ऐकावी अशी. गडकऱ्यांचा कल मला काकांच्या बाजूचा वाटतो, मी मात्र पोराच्या बाजूची. सुधाकर शपथ घेताना खोटं बोलत नाही आणि पेला उचलतानाही खोटं बोलत नाही, दोन्ही सुधाकर एकाच वेळी घराबाहेर पडलेले असतात, एक नोकरी मागायला आणि दुसरा निमित्त मागायला.

आमच्या ट्रेनिंगमध्ये मिलर आणि रोलनिक यांचं मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग, म्हणजे पेशंटशी बोलायची एक पद्धत, शिकवतात, त्याचं सार असं की समुपदेशकाने 'सोड' ही बाजू जोरात धरली की पेशंटकडे आपोआप दुसरी बाजू उरते आणि तो तीच मांडत बसतो. सुधाकरचा मित्र रामलाल नेमकं हेच करतो! तो कळवळून समजावतो आणि सुधाकर त्याला आपण आता का सोडू शकत नाही ते मुद्देसूद पटवून देतो, दारूबाजाच्या अवस्था कशा एकेक येतात वगैरे, वकील शेवटी. ते स्वगतासारखं लांबलचक भाषण आमच्या मंडळींनी टाळ्या वाजवून ऐकलं, आणि टाळ्या कशासाठी वाजवताय विचारल्यावर हसले. शेवटचा अंक, ते विष वगैरे, मला स्वतःला फार भडक वाटतं म्हणून तो घेतलाच नाही.

गंमत म्हणजे नाटकात एकजण दारू सोडतो आणि सुटलेलाच राहतो, भगीरथ. त्याचं काम कुणालाच नको! तळीरामासाठी मारामारी, त्याच्या आर्य मदिरा मंडळात बसायला सगळे तयार, पण भगीरथ म्हटलं की खाली बघतात. शेवटी स्वयंपाकघरातल्या आमच्या जुन्या रिकव्हरीवाल्या दादांच्या गळ्यात घातला.

दुपारी फॅमिली मीटिंग होती, तिथे मी सिंधूचा विषय काढला. माहेरचा पैसा घ्यायचा नाही म्हणून ती दुसऱ्यांची दळणं दळते. बहुतेक बायका बिचारी बिचारी करत होत्या, पण काकांची बायको म्हणाली, "बिचारी कसली, हट्टी आहे. माहेरी गेली असती तर नवरा वाईट आहे हे चार लोकांत कबूल करावं लागलं असतं. मीपण नाही गेले." मग जरा थांबून, "जायचं तर रोज होतं. बॅग भरलेली असायची पलंगाखाली." काका बाहेर व्हरांड्यात होते, त्यांना ऐकू गेलं असणार.

संध्याकाळी प्लंबर पोरगा ऑफिसात आला. शनिवारची त्याची एक दिवसाची रजा मंजूर होती, गावाला, वाटणीचं बोलायला, कुणाशी तर त्याच भावाशी. म्हणाला कॅन्सल करू का? मी म्हटलं तुला काय वाटतं. म्हणाला, "जायचंय पण, आणि नाही पण." मी सल्ला दिला नाही, तोंडावर आलेला गिळला. गेला शेवटी, फक्त बायकोला सोबत घेऊन गेला. भावाने वाटणीचं नाव काढू दिलं नाही, वर चार शब्द सुनावले. रात्री परत आला, ब्रेथ ॲनालायझरमध्ये फुंकला, शून्य. आणि शून्य आल्या आल्या माझ्याशी भांडायला लागला की सुधाकर मला कळलेला असताना काम काकांना का दिलं.