स्तोत्रसंहिता हाताने लिहिताना: तिसरा भाग पूर्ण

७३ ते ८९, ही सगळी स्तोत्रं वहीत उतरवून झाली. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेच्या पाच भागांपैकी हा तिसरा, आणि आतापर्यंतचा सगळ्यात जड. पहिल्या दोन भागांत दावीद राजा भरपूर भेटतो. इथे त्याच्या नावावर एकच स्तोत्र आहे, ८६वं. बाकी बहुतेक आसाफ आणि कोरहाचे वंशज या मंदिरातल्या गायकांची, आणि त्यांच्या तोंडी तक्रारी पुष्कळ.

पद्धत तीच आहे. डाव्या पानावर स्तोत्र, उजव्या पानावर त्यावरून सुचलेली माझी प्रार्थना. एक ओळ वाचायची, मनात धरायची, न बघता लिहायची, मग पडताळायची. प्रत्येक शब्दाला बायबलकडे बघत लिहिलं तर नुसता हात चालतो. शाईचं पेन वापरत असाल तर जाड कागदाची वही घ्या. पातळ कागदावर शाई मागे उमटते आणि आदल्या दिवशीची प्रार्थना वाचता येत नाही. मी मागच्या प्रार्थना पुन्हा वाचते, त्यामुळे हे महत्त्वाचं.

लिहून काढण्याची ही रीत जुनी आहे. राजाने गादीवर बसल्यावर नियमशास्त्राची नक्कल स्वतःसाठी लिहून घ्यावी आणि आयुष्यभर ती वाचत राहावी, असं बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात, १७:१८-१९ मध्ये सांगितलंय. कशासाठी? तर देवाचं भय धरायला शिकावं म्हणून.

७३व्या स्तोत्रात आसाफ बराच वेळ दुर्जनांबद्दलच बोलतो. त्यांचं कसं छान चाललंय, आपण उगाच मन शुद्ध ठेवलं. मग तो देवाच्या पवित्रस्थानात जातो आणि १८व्या वचनापासून त्याचं बोलणं थेट देवाशी सुरू होतं. २३व्या वचनात तो म्हणतो, तू माझा उजवा हात धरला आहेस. मी त्याच हाताने ते लिहीत होते. पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ त्या एका वचनापाशीच बसले. त्या दिवशी पुढे लिहिलं नाही.

८८व्याला मात्र मी आधीपासून बिचकत होते. हेमान एज्राहीचं हे स्तोत्र, १८ वचनांचं. विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटाकडे वळण घेतात. १३वं तर सहाच वचनांत ‘कोठवर?’ पासून गाण्यापर्यंत पोचतं. ८८ वळत नाही, अंधारातच संपतं. पण हाताने लिहिताना जाणवलं की हा माणूस पहिल्याच वचनात देवाला आपला तारणारा म्हणतो, आणि पुढे पुन्हा पुन्हा सांगतो की मी तुलाच हाक मारतोय, सकाळी माझी प्रार्थना तुझ्यापुढे येते. मित्र दूर गेलेत, उत्तर आलेलं नाही, तरी त्याने बोलणं सोडलेलं नाही. याला कुणी निराशा म्हणेल. मला पटत नाही. आशा सोडलेला माणूस रोज सकाळी त्याच दाराशी कशाला येईल?

इथपासून माझी उजवी पानं बदलली. आधी त्यांत उपकारस्तुती आणि मागण्या असायच्या, आता प्रश्नही आहेत, आणि ते देवालाच विचारलेले आहेत. प्रभू येशूने वधस्तंभावर २२व्या स्तोत्रातला आक्रोश आपल्या तोंडी घेतला, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ आणि लूक सांगतो त्याप्रमाणे शेवटी ३१व्यातल्या शब्दांत आपला आत्मा पित्याच्या हाती सोपवला. पुत्राला पित्यापुढे असं बोलता येतं, तर लेकरांनीही मनातलं दडवून ठेवायचं कारण नाही.

८९वं ५२ वचनांचं, काही बैठका लागल्या. ३७व्या वचनापर्यंत दाविदाला दिलेला करार, त्याचं राजघराणं कायम राहील असा, आणि ३८व्यात एकदम ‘पण तू’, तू तर त्याला झिडकारलंस. स्तोत्रकर्ता देवाला देवाच्याच शब्दांची आठवण करून देतो. तोच क्रम मी रोजच्या प्रार्थनेत घेतलाय: कोणतं अभिवचन धरून आहे ते आधी लिहायचं, मग ते कुठे दिसत नाहीये ते स्पष्ट सांगायचं. त्यानंतर पेन बंद करून थोडा वेळ नुसतं त्याच्यापुढे बसायचं. हे बसणं सुरुवातीला अवघड गेलं. आता वहीपेक्षा त्याचीच ओढ वाटते.

पुढचा भाग ९०व्याने, मोशेच्या प्रार्थनेने सुरू होतो. आणि लांबवर ११९वं दिसतंय, १७६ वचनं, आठ-आठ वचनांची २२ कडवी. एका बैठकीला एक कडवं असं ठरवलंय. ज्यांनी ते लिहून काढलंय त्यांना एक विचारायचं आहे: सगळ्या कडव्यांचा विषय देवाचं वचन हाच, तर उजव्या पानावरच्या प्रार्थना त्याच त्या होऊ नयेत म्हणून तुम्ही काय केलंत?