तुम्ही विचारलंत म्हणून: सोलापुरात जुनं माळवदी घर घ्यावं का?

"आम्ही दोघंच आहोत. साखर पेठेत किंवा बाळीवेशीकडे एखादं जुनं माळवदी घर घ्यायचं मनात आहे. घ्यावं का? आणि घेतलं तर आधी कशाला हात घालावा?" हा प्रश्न आम्हाला इतक्यांदा येतो की एकदा सविस्तर लिहिणंच बरं.

माळवदी घर म्हणजे जाड दगडी भिंतींवर लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचं सपाट छत, म्हणजे माळवद, असलेलं घर. आमचं उत्तर: घ्या. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो तेव्हा दोन-अडीच फूट जाडीच्या भिंतींमागे जो गारवा असतो, तो नव्या फ्लॅटमध्ये एसीशिवाय मिळत नाही. तसलं सागवान आज नव्याने घ्यायचं म्हटलं तर परवडत नाही. अशी घरं नुसत्या वयामुळे पडत नाहीत. ती पडतात दोन गोष्टींनी: डोक्यावरचं वजन आणि भिंतीतली ओल. आणि या दोन्ही गोष्टी बऱ्याचदा नवा मालकच हौसेने घरात आणतो. माळवदावर पाण्याची टाकी, दगडी भिंतीला सिमेंटचा गिलावा, वरच्या मजल्यावर बाथरूम. एवढं टाळलंत तरी अर्धी लढाई जिंकलात.

घर बघायला सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जा. सोलापूरचा सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरमध्ये पडतो. त्यानंतर भिंतीवर ओलीची रेघ कुठवर चढली आहे आणि छताच्या फळ्यांवर कुठे डाग आहेत, ते लपत नाही. एप्रिलमध्ये ताजा रंग दिलेलं घर कोणतंही चांगलंच दिसतं.

आधी छत. तुळया, त्यांवर कड्या म्हणजे बारीक आडवी लाकडं, कड्यांवर फळ्या किंवा किलचणी (लाकडाच्या बारीक काटक्या), त्यावर पाल्याचा थर आणि सगळ्यात वर पांढरी माती, अशी माळवदाची रचना. काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. पांढरी माती तसं करत नाही, म्हणून छतावर तीच. पण जिथे गळेल तिथे दोन पाट्या माती आणखी टाकायची, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा उपाय. त्यामुळे मूळ सहा इंचांचा थर कित्येक घरांत फूटभर झालेला असतो. मातीचं वजन घनफुटाला साधारण ४५ किलो. दहा बाय बाराच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे १२० घनफूट, म्हणजे जवळजवळ साडेपाच टन, तेही कोरडी असताना. भिजली की आणखी. थर किती आहे ते मोजणं सोपं आहे: मालकाला विचारून टोकदार सळई तीन-चार ठिकाणी हळूच खुपसा, लाकडाला टेकली की खूण करा.

थर सहा इंचांच्या वर असेल तर जादा माती उतरवायची. इथे घाई घात करते. आधी खाली प्रत्येक तुळईला सेंट्रिंगवाल्याकडचे लोखंडी जॅक लावायचे. माती दोन्ही बाजूंनी सारखी काढत मध्याकडे यायचं, म्हणजे एका अंगाला भार राहत नाही. काढलेल्या मातीचा ढीग छतावर करायचा नाही, घमेल्याने थेट खाली द्यायची. मग उरलेल्या मातीवर पत्र्याचं दुसरं छत घ्या. मध्ये दीड फूट मोकळी हवा राहील अशा बेताने ते भिंतींवर उभ्या केलेल्या पाइपांच्या सांगाड्यावर बसवायचं, तुळयांवर नाही. एका खोलीपुरता पत्रा सांगाड्यासकट दोनशे किलोंच्या आत बसतो. ऊन वरच्या वर अडतं, पाऊस मातीपर्यंत पोचत नाही, आणि आतलं लाकडी छत जसंच्या तसं राहतं. सांगाडा भिंतीत पक्का अडकवा, कारण वळवाच्या वाऱ्यात सुटा पत्रा शेजारच्या गल्लीत जातो. फळ्यांवर थेट प्लॅस्टिकचा कागद मात्र अंथरू नका. त्याच्याखाली दमट हवा कोंडते आणि लाकूड वरून कुजतं.

"त्यापेक्षा स्लॅबच टाकला तर?" हेही हमखास विचारलं जातं. पाच इंची स्लॅब फूटभर मातीपेक्षा हलकाच भरतो, हे खरं. पण तो उन्हात तापून पसरतो आणि रात्री आकसतो. मातीत बांधलेल्या भिंतीचे वरचे दगड त्या ढकलाढकलीत सुटे होतात. स्लॅब हवाच असेल तर भिंतींपासून स्वतंत्र, स्वतःच्या कॉलमवर उभा करा. मग तो खर्च नव्या घराचाच.

तुळईची परीक्षा मध्यभागी करू नका, टोकाला करा. भिंतीत शिरलेला हात-दीड हात भागच आधी कुजतो, कारण तिथे ओल पोचते आणि वारा पोचत नाही. पेचकस घेऊन तुळई भिंतीत शिरते त्या कोपऱ्यात, खालच्या अंगाने जोर देऊन टोचा. सागवान शाबूत असेल तर टोक जेमतेम रुतेल. अर्धा इंच सहज आत गेलं किंवा ठोकल्यावर बद्द आवाज आला, तर वाळवी नाहीतर कूज समजा. अशी तुळई फेकून द्यायची गरज नसते. कुजका तुकडा कापायचा, दोन्ही अंगांना लोखंडी चॅनेल लावून १२ मिलिमीटरच्या बोल्टने आवळायचे, आणि चॅनेल चांगल्या लाकडावर कमीत कमी दोन-अडीच फूट यायला हवेत. टोकाभोवती भिंतीत अर्ध्या इंचाची फट मोकळी ठेवा. गवंडी ती सवयीने सिमेंटने बुजवतो, म्हणून समोर उभं राहून सांगा.

आता भिंती. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात जी हजारो माणसं गेली, त्यांतली बहुतेक अशाच जाड दगडी भिंती आणि जड माळवदांखाली गेली. दगडी भिंत दिसते एकसंध, पण असतात दोन पातळ भिंती, एक बाहेरची आणि एक आतली, आणि मध्ये माती-चिपांची भर. दोन्हींना बांधणारे आरपार दगड नसतील तर बाहेरचा थर हळूहळू सुटतो. भिंतीला पोट आलं, असं गवंडी म्हणतात ते हेच. भिंतीलगत ओळंबा सोडून बघा. पोट दोन इंचांपर्यंत असेल तर बहुधा दुरुस्ती पुरते. त्याहून जास्त असेल तर तेवढा भाग उतरवून पुन्हा बांधावा लागतो. उपाय किल्लारीनंतर गावोगाव केलेलाच आहे: भिंतीतून आरपार तीनेक इंचांचं भोक, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली ८ मिलिमीटरची सळई, आणि वरून काँक्रीट. अशी बंधनं साधारण मीटर-मीटर अंतरावर, वरच्या-खालच्या ओळी एकाआड एक. भोक हाताने पाडायचं. ब्रेकर लावला की आतली भर ढासळते. या कामाला इंजिनिअर हवाच, आणि तो मातीत बांधलेल्या दगडी भिंतींचं काम केलेला हवा. फक्त आरसीसी, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटचं काम, केलेला माणूस "पाडून टाका" एवढंच सांगतो.

लोणा, म्हणजे ओलीने भिंतीवर फुटणारे क्षार, याबद्दल थोडं जास्त सांगावं लागेल, कारण सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया जातो. जमिनीतलं पाणी भिंतीत चढतं आणि चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर उडून जातं. त्यावर सिमेंटचा गिलावा मारला की वाट बंद होते. पाणी आणखी वर चढतं, क्षार गिलाव्यामागे साठतात, आणि दोन-तीन पावसाळ्यांत सिमेंट पापुद्र्यासारखं सुटून पडतं. वॉटरप्रूफ रंगानेही तेच होतं. सिमेंट काढून टाका, भिंत एक उन्हाळा उघडी ठेवा, क्षार कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका. मग चुना आणि वाळू एकास तीन. चुना किमान पंधरा दिवस पाण्यात मुरलेला हवा. थर दहा-बारा मिलिमीटरचे, आणि पहिला आवळल्यावरच दुसरा. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. एप्रिलच्या उन्हात चुना आवळण्याआधीच सुकतो आणि भुगा होतो. तरी दोन्ही थरांवर आठवडाभर ओलं बारदान हवंच. जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा असते, तेव्हा नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या वाटेवर वाळूची गाडी येत नाही आणि कामगारही सुट्टीवर असतात. माल आधी आणून ठेवा.

भेगा बघताना एकच विचारा: ही मेमध्ये उघडते आणि ऑगस्टमध्ये मिटते का? तसं असेल तर पाया काळ्या मातीवर आहे. भिंतीलगत तीन-चार फूट खड्डा काढून बघा, खाली मुरूम लागला तर निश्चिंत. नसेल तर भिंतीच्या कडेने तीन फुटांचा फरसबंद पट्टा घाला, उतार बाहेरच्या बाजूला, म्हणजे पायाजवळची माती वर्षभर एकसारखी राहते. गळकी मोरी आणि फुटकं चेंबर यांचा पहिला संशय इथेच घ्यायचा.

कागद. इसार देण्याआधी नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढा. बहुतेक वेळा त्यावर मरण पावलेल्या आजोबांचं नाव असतं. आधी वारसनोंद, मगच खरेदीखत. हिंदू कुटुंबाचं वडिलोपार्जित घर असेल तर लेकींच्या सह्या लागतातच. हिंदू वारसा कायद्यातल्या ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलींना मुलांइतकाच हक्क दिला, आणि त्या तारखेला वडील हयात नसले तरी तो हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. "बहिणींनी सोडलंय" या शब्दाला किंमत नाही, हक्कसोडपत्र नोंदणीकृत हवं, नोटरीचं चालत नाही. वकिलाकडून मागच्या तीस वर्षांच्या व्यवहारांचा सर्च आणि स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस या दोन खर्चांत काटकसर नको. जुनं खत मोडीत असेल तर मोडीवाचकाकडून लिप्यंतर करून घ्या. बोळातला जायचा-यायचा हक्क, सामाईक भिंत आणि शेजाऱ्याच्या अंगणात पडणारी पन्हळ यांचा उल्लेख कधीकधी तिथेच सापडतो. जुना भाडेकरू असेल तर तो आधी मालकानेच मोकळा करून द्यायला हवा. आणि महापालिकेच्या नगररचना विभागात रस्तारुंदीची रेषा घरातून जाते का, ते विचारा. दुरुस्तीत जे घर पूर्ण टिकतं, ते पाडून बांधताना ओट्यासकट चार-पाच फूट गमावू शकतं.

नाव कुणाचं? घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, चाळीस लाखांच्या घराला चाळीस हजार. जोडीने घेतलं तर ती मिळत नाही. तरीही दोघांचा पैसा लागत असेल तर दोघांची नावं घाला आणि खतात हिस्से लिहा, असंच आम्ही सांगतो.

सोलापूरच्या पूर्व भागातलं, म्हणजे यंत्रमागांच्या वस्तीतलं, घर असेल तर मागाच्या खुणा शोधा: जमिनीत रुतलेले बोल्ट, तेल प्यालेली फरशी, थ्री फेजचं मीटर. महावितरणचं कनेक्शन आणि घरपट्टीची आकारणी, दोन्ही निवासी करून घ्या. शेजारी माग चालू असतील तर रात्री एकदा जाऊन तिथे तासभर बसा. थरथर किती जाणवते ते दिवसा कळत नाही.

पाणी सोलापुरात रोज येत नाही, हे सांगायला नको. माणशी १३५ लिटर धरलं तर दोघांना पाच दिवसांना साडेतेराशे लिटर. पाहुणे धरून दोन हजारांचा साठा करा, पण जमिनीवर. हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन, तीही एकाच जागी. जुना दगडी हौद असेल तर आतून दुरुस्त करा. वर फक्त पाचशे लिटरची टाकी, आणि तीही नव्या संडास-बाथरूमच्या डोक्यावर. ते संडास-बाथरूम परसात, तळमजल्यावर, स्वतःच्या आरसीसी चौकटीत बांधा, जुन्या भिंतीला न चिकटवता. चार इंची पाइपला चाळीस फुटांमागे फूटभर उतार द्या.

वायरिंग पूर्ण नवं करा: दिव्यांना १.५, प्लगना २.५, गिझर-एसीला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि नवं अर्थिंग. वायरसाठी भिंतीत झिऱ्या, म्हणजे खाचा, मारू नका, विशेषतः आडव्या. पाइप भिंतीवरून न्या. शहाबादी फरशी ॲसिडने धुऊ नका, तो चुनखडीचा दगड आहे, ॲसिड त्याला खातं. पोकळ वाजणाऱ्या फरशा तेवढ्या उचलून खाली मुरूम-चुना भरा.

राहायला केव्हा जायचं? छत, पन्हळी, संडास-बाथरूम आणि वायरिंग झालं की जा, एक खोली आणि स्वयंपाकघर पुरे. गिलावा, रंग, कपाटं पहिल्या पावसाळ्यानंतर. जाड भिंत कुठे ओलावते, हे तिथे राहणाऱ्यालाच कळतं, आणि दोघांनी मिळून खडूने खुणा केल्या की गवंड्याला दाखवायला नकाशा तयार होतो. पुढे दरवर्षी मे संपता संपता पत्र्याचे वॉशर तपासायचे, माळवदावर उगवलेलं गवत मुळासकट काढायचं, आणि पन्हळीत एक बादली पाणी ओतून ते भिंतीवरून न उतरता अंगणात पडतंय ना, ते बघायचं.