अमिगा 1200 साठी फाइलसिस्टिम निवडताना

लेस्टरमधल्या एका गृहस्थांकडून मी कमोडोर कंपनीचा अमिगा 1200 हा जुना घरगुती संगणक घेतला, तेव्हा आत अडीच इंची जुनी हार्ड डिस्क होती. ती फिरत होती, पण आवाज असा की तिच्यावर काही ठेवायची हिंमत होईना. 1992 च्या ऑक्टोबरात इंग्लंडात 399 पौंडांना बाजारात आलेलं हे यंत्र. 14 मेगाहर्ट्झचा मोटोरोला 68ईसी020, 2 मेगाबाइट मेमरी आणि आत लॅपटॉपच्या डिस्कसाठी 44 पिनांचा आयडीई कनेक्टर. त्या कनेक्टरला एक स्वस्तातला अडॅप्टर लावला की कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसतं आणि अमिगा त्यालाच हार्ड डिस्क समजतो. एवढं सोपं होतं. अडलं ते कार्डावर फाइलसिस्टिम, म्हणजे फाइली मांडून ठेवायची पद्धत, कोणती टाकायची इथे.

पुण्यातल्या मित्राला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "अरे, फॅट टाक आणि मोकळा हो. पीसीवरही वाचता येईल." फॅट म्हणजे पीसीची जुनी फाइलसिस्टिम. सल्ला वाईट नाही, पण बूट होण्यासाठी अमिगाच्या किकस्टार्ट रॉमला, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या चिपमधल्या प्रोग्रॅमला, फॅट कळत नाही. शिवाय अमिगाच्या प्रत्येक फाइलबरोबर काही खुणा असतात: ही स्क्रिप्ट आहे, ही मेमरीत कायम ठेवता येईल, ही पुसू नये. सोबत 79 अक्षरांपर्यंतची टीपही लिहिता येते. फॅटमध्ये यातल्या बऱ्याच गोष्टींना जागाच नाही. त्यामुळे फॅट फक्त ने-आण करण्यापुरतं, तेही फाइली झिपसारख्या एलएचए आर्काइव्हमध्ये बांधून.

मग उरतात अमिगाच्या स्वतःच्या. सर्वांत जुन्या ओएफएसचा (ओल्ड फाइल सिस्टिम) विचार मी लगेच सोडला. तिच्यात 512 बाइटच्या ब्लॉकमधले (डिस्कवरच्या जागेच्या एका तुकड्यातले) 24 बाइट हिशेबात जातात आणि डेटाला 488 उरतात. फ्लॉपीला ते चाललं, कारण ब्लॉक खराब झाला तरी तो कोणत्या फाइलचा हे त्याच्यावरच लिहिलेलं असे. हार्ड डिस्कसाठी कमोडोरने किकस्टार्ट 1.3 च्या वेळी एफएफएस (फास्ट फाइल सिस्टिम) आणली. ती पूर्ण ब्लॉक डेटाला देते, आणि 2.0 पासून रॉममध्येच असल्याने बाहेरून काही आणावं लागत नाही. बहुतेक जण हीच वापरत, आणि पहिल्यांदा मीही हीच टाकली.

कॉपी करताना तक्रार नव्हती. पण खेळांचा मोठा डिरेक्टरी उघडला की यंत्र रेंगाळायचं. याचं कारण तिच्या रचनेत आहे. डिरेक्टरीच्या ब्लॉकमध्ये 72 घरांचा एक तक्ता असतो. नावावरून घर ठरतं आणि एका घरात अनेक फाइली आल्या की त्या साखळीने जोडल्या जातात. एखादी फाइल नावाने शोधायला हे झकास, पण "इथे काय काय आहे ते दाखव" म्हटलं की प्रत्येक फाइलचा हेडर ब्लॉक वेगळा वाचावा लागतो, आणि ते हेडर डिस्कभर विखुरलेले असतात.

तरी मंदपणा मी सोसला असता. मला जी गोष्ट पटेना ती वेगळीच. अमिगाला शटडाउन नसतं. डिस्कचा दिवा विझला की थोडं थांबायचं आणि बटण बंद करायचं, हीच रीत. त्यातून मेमरीला संरक्षण नाही, म्हणजे एखादा खेळ बिघडला की सगळं यंत्र घेऊन बसतो. (तेव्हा पडद्यावर येणाऱ्या "गुरू मेडिटेशन" या संदेशावरून जुने अमिगावाले त्याला अजून "गुरू आला" म्हणतात.) लिहिणं चालू असताना असं झालं तर एफएफएसचा मोकळ्या जागेचा नकाशा अर्धवट राहतो. पुढच्या वेळी चालू केलं की ती सगळ्या फाइली चाळून तो नकाशा पुन्हा बनवते, आणि तोपर्यंत त्या पार्टिशनवर (डिस्कच्या त्या विभागावर) काही लिहू देत नाही. पार्टिशन मोठं असेल तर चहा करून यावा. आणि चाळताना तिला एकच ब्लॉक दोन फाइलींकडे सापडला, तर ती तिथेच हात टेकते. मग डिस्कसाल्वसारखं दुरुस्तीचं साधन काढावं लागतं. ते कमोडोरच्याच डेव्ह हेनी या अभियंत्याने लिहिलेलं आहे. कंपनीच्या अभियंत्याला असं साधन लिहावंसं वाटलं, यातच बरंच काही आलं.

पर्याय दोन होते. एक जॉन हेंड्रिक्स यांची एसएफएस, दुसरी मिखिल पेल्ट यांची पीएफएस3. दोन्हींना नकाशा पुन्हा बनवावा लागत नाही. पीएफएस3 ची युक्ती मला फार आवडली: बदललेली माहिती जुनीवर न लिहिता ती मोकळ्या जागी लिहिते, आणि सगळं उतरल्यावरच मुळाचा (रूट) ब्लॉक नव्याकडे वळवते. मध्येच वीज गेली तर जुनी अवस्था जशीच्या तशी असते. एके काळी ती विकत घ्यावी लागे, पुढे तिचा सोर्स खुला झाला. टोनी विलेन यांनी त्यातून पीएफएस3एआयओ ही एकत्रित आवृत्ती काढली. पीसीवर अमिगाची नक्कल करणारा विनयूएई हा एम्युलेटरही तेच सांभाळतात. कार्ड मी पीसीवर विनयूएईतच तयार करणार होतो, त्यामुळे निवड झालीच.

कार्ड मुद्दाम 4 गिगाबाइटचं घेतलं. जुन्या ड्रायव्हरमध्ये डिस्कवरचा पत्ता 32 बिटांचा असतो, म्हणजे 4,29,49,67,296 बाइटनंतर आकडा पुन्हा शून्यावर येतो. जुन्या एफएफएसला याची गंधवार्ताही नसते. पाचव्या गिगाबाइटवर लिहायला गेलं की ती निमूटपणे कार्डाच्या सुरुवातीलाच लिहून येते, आणि नेमका तिथेच पार्टिशनचा तक्ता असतो. यावर उपाय आहेत, पण 4 गिगाबाइटच्या कार्डात साधारण 4 अब्ज बाइट असतात आणि तो पल्ला गाठलाच जात नाही. अमिगासाठी एवढी जागा म्हणजे चैनच.

विनयूएईत कार्ड जोडताना विंडोज "डिस्क फॉरमॅट करू का?" विचारतं, त्याला नाही म्हणायचं. नंतरचं काम एचडीटूलबॉक्स या अमिगाच्या पार्टिशन पाडायच्या प्रोग्रॅममध्ये. अमिगाची एक छान सोय अशी की फाइलसिस्टिमचा कोडच कार्डाच्या सुरुवातीला, पार्टिशनच्या तक्त्यासोबत ठेवता येतो आणि किकस्टार्ट तो बूट होण्याआधी उचलतो. पीएफएस3एआयओची फाइल निवडून तिचा ओळखक्रमांक 50465303 असा भरला. प्रत्येक पार्टिशनला मॅक्सट्रान्सफर (एका दमात किती बाइट हलवायचे ती मर्यादा) हेक्समध्ये 1एफई00 दिलं, म्हणजे 1,30,560 बाइट, 255 सेक्टर. हा आकडा मोठा राहिला तर काही कार्डांवर मोठ्या फाइली गुपचूप बिघडतात, आणि दोष मात्र फाइलसिस्टिमच्या माथी येतो. बफरही (डिस्कवरची माहिती तात्पुरती ठेवायच्या जागा) वाढवले, पण बेताने, कारण तेही मेमरीतूनच जातात. मग रीबूट आणि क्विक फॉरमॅट.

कार्ड खऱ्या यंत्रात बसवल्यावर एक दुष्टपणा केला: खेळांचा डिरेक्टरी कॉपी होत असताना सरळ बटण बंद. पुन्हा चालू केलं तर वर्कबेंच, म्हणजे अमिगाचा डेस्कटॉप, नेहमीसारखं उघडलं. कॉपी अर्धी झाली होती, बाकी सगळं शाबूत. हाच प्रयोग आधी एफएफएसवर केला होता, तेव्हा दिवा बराच वेळ लुकलुकत राहिला होता.

फाइली आणायला यंत्राच्या बाजूचा पीसीएमसीआयए स्लॉट वापरतो. त्यात दुसरं, फॅटवालं कार्ड जातं. फॅट वाचण्यासाठी अमिगासोबत येणारं क्रॉसडॉस आठ-तीन अक्षरांच्या नावांवर अडतं, म्हणून त्याऐवजी फॅट95 टाकलं. एक सांगून ठेवतो: मेमरी वाढवणारं 8 मेगाबाइटचं कार्ड आणि हा स्लॉट एकाच पत्त्यांवर हक्क सांगतात. माझ्या मेमरी कार्डाचा जंपर 4 मेगाबाइटवर आणला, तेव्हा स्लॉट चालायला लागला.

तयार कार्डाची संपूर्ण इमेज पीसीवर काढून ठेवली आहे. ती दुसऱ्या कार्डावर उतरवायची वेळ आली, तर त्या कार्डाचे सेक्टर आधी मोजून घ्या. वर 4 गिगाबाइट छापलेलं असलं तरी दोन कंपन्यांची कार्डं आतून सारखी नसतात, आणि शेवटचं पार्टिशन कापलं गेलेलं फॉरमॅट होईपर्यंत दिसतही नाही.