मानेला पट्टा नको, आतल्या स्नायूंना काम द्या

कोल्हापूरजवळच्या हुपरीत पैंजणाच्या कड्या जोडणारे कारागीर, चप्पल शिवणारे, उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहणारे, दिवसभर मोबाईलमध्ये डोकं घातलेली पोरं, या सगळ्यांची तक्रार एकच: मान दुखते आणि संध्याकाळपर्यंत डोकं पेलवत नाही. डोक्याचं वजन साधारण 5 किलो. मान खाली घातली की मागच्या स्नायूंवर त्याच्या कितीतरी पट ताण येतो. ते आखडतात आणि मणक्यांना पुढून धरणारे आतले लहान स्नायू ढिले पडतात. मानेत ताकद नाही असं वाटतं ते बहुतेकदा यामुळेच. मग लोक पट्टा लावतात. महिनोन् महिने लावला तर हेच स्नायू आणखी दुबळे होतात.

व्यायाम असा. उताणे झोपा. कपाळ आणि हनुवटी एका पातळीत येतील इतकीच टॉवेलची घडी डोक्याखाली ठेवा. दातावर दात नको, श्वास चालू ठेवा. आता "हो" म्हणताना हलवतो तशी हनुवटी किंचित गळ्याकडे न्या. डोकं उचलायचं नाही. मानेच्या बाजूला दोन बोटं ठेवून बघा, तिथला जाड स्नायू मऊच राहिला पाहिजे. तो ताठला म्हणजे जोर जास्त झाला. बहुतेकांचं इथंच चुकतं. 10 सेकंद धरा, 10 वेळा, दिवसातून दोनदा. इतका वेळ धरता येत नसेल तर 5 सेकंदांपासून सुरुवात करा. हे जमलं की बसून कपाळावर तळवा टेकवा आणि डोकं न हलवता हलका दाब द्या. तसंच मागून आणि दोन्ही बाजूंनी. फरक पडायला 6 ते 8 आठवडे द्या. दुखऱ्या मानेनं तालमीतला ब्रिज, म्हणजे डोकं आणि पाय टेकवून अंग उचलायचा व्यायाम, अजिबात मारू नका.

केस कापून झाल्यावर मान कटकन मोडून घ्यायची सवय तर सोडाच. त्या झटक्यानं मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटू शकते. असं क्वचित होतं, पण झालं तर पक्षाघात येतो.

शर्टाची बटणं लावता येईनात, पायातली चप्पल निसटते, चालताना तोल जातो, लघवीवर ताबा राहत नाही, तर व्यायाम बंद करून त्याच दिवशी कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय किंवा जवळचं दुसरं मोठं रुग्णालय गाठा. अपघातानंतर मान दुखत असेल किंवा जुना आमवात असेल, तरी आधी तपासणी. अशा वेळी मानेचा मणका सरकलेला असू शकतो.

आणि कामाची जागा बदला. पाट किंवा टेबल इतकं उंच करा की वस्तू छातीपाशी येईल आणि कोपरं टेकतील. दर अर्ध्या तासानं उठा. कुशीवर झोपताना उशी खांदा आणि कान यांच्यातली पोकळी भरेल एवढीच घ्या.