डायरेक्ट केलेला थर्मल

पाचगणीहून काकूंचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात, गोडोलीच्या माझ्या दुकानात, एका मिक्सरचं कपलर सोडवत बसलो होतो. "दादा, ड्रायर नुसता घूंऽ घूंऽ करतोय. फिरत नाही. आणि काल रात्री जळका वास आला." फिरत नाही म्हटल्यावर मी मनातल्या मनात 'कंडेन्सर' म्हणून मोकळा झालो होतो. वासाचं ऐकलं आणि मिक्सर बाजूला ठेवला.

काकूंचं आठ खोल्यांचं लॉज आहे. जुलैत तिकडे दोरीवर कपडा वाळत नाही, फक्त त्याचा कुबट वास रोज थोडा बदलतो. माझी आजी पावसाळ्यात शेगडीवर डालगं पालथं घालून त्यावर बाळाची दुपटी वाळवायची. ड्रायर म्हणजे तेच डालगं, फक्त फिरणारं, आणि ओली हवा बाहेर फेकणारा पंखा जोडलेलं. उष्णता, फिरणं आणि वारा. तिन्हींपैकी वाऱ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. माझंही गेलं नव्हतं.

वाई सुटली आणि पसरणी घाटात धुकं असं उतरलं, की पुढच्या एसटीचा लाल दिवा तेवढा दिसत होता. पोचेपर्यंत रेनकोटाच्या आतून भिजलो होतो.

धुण्याच्या खोलीत मावशी होत्या. बावीस चादरी पिळून बादल्यांत पडल्या होत्या. मावशी म्हणाल्या, "मालकीणबाई लावून झोपल्या व्हत्या. मला वास आला म्हनून खटका बंद केला. काय चुकलं का वं?" चुकलं कसलं. पुढे काय पाहिलं ते सांगतो, मग कळेल त्या खटक्याची किंमत.

आधी सॉकेट. मशीन बंद असताना १९६ व्होल्ट. काकू म्हणाल्या, हीटर चालू झाला की दिवे मंद होतात. नंतर मोजलं तेव्हा लोडवर १८४ भरले. २३० च्या जागी १८४ म्हणजे वीस टक्के कमी, पण हीटरची उष्णता आणि मोटरीचा उचलायचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने उतरतात, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त गायब. "वाळायला दीड-दोन तास लागतात" या जुन्या तक्रारीचा अर्धा जीव इथे होता. बाकीचा अर्धा भिंतीमागे होता, पण तिकडे मी उशिरा पोचलो.

प्लग काढला, मागचं झाकण उघडलं. या मशीनला मोटर एकच. तिच्या दांड्याच्या एका टोकाला पुली, तिच्यावरून लांब पट्टा ड्रमला वेढा घालून येतो. दुसऱ्या टोकाला पंखा. मोटर अडली की ड्रमही थांबतो आणि वाराही. पट्टा उतरवून दांडा हाताने फिरवला तर तो पंख्याच्या बाजूने जड. पंख्याभोवती कपड्यांची लव पिंजलेल्या कापसासारखी गच्च बसली होती. ती उपसली, दांडा सैल झाला. पट्टा न चढवता, हीटरची वायर सोडून ठेवून, वीज दिली. परत घूंऽऽ. लाकडी काडीने पुलीला हलकेच ढकललं आणि मोटर पळाली. दांडा मोकळा असून ढकलल्यावरच पळते, म्हणजे सुरुवातीचा धक्का देणारा कंडेन्सर गेलेला. बल्ब लावून तो डिस्चार्ज केला आणि मीटरवर धरला: अंगावर ८ मायक्रोफॅरड छापलेले, आत उरलेले ३. मोटरीचं वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, मात्र शाबूत होतं. त्यात स्वतःचा ओव्हरलोड नावाचा सेफ्टी स्विच असतो, तापला की सुटतो आणि गार झाला की परत लागतो. त्यानेच मोटर वाचवली.

इथवर रोजचं काम. कंडेन्सर माझ्या पिशवीतच होता. मग वास कशाचा ते बघायला हीटरच्या डब्याकडे वळलो.

कॉइल मोजली, २७ ओहम. दोन हजार वॉटच्या हीटरला साधारण तेवढेच हवेत. बॉडीला विजेची गळती नाही. पण डब्याच्या तळाशी लव तपकिरी होऊन चुरा झालेली, एका कोपऱ्यात काळी. आणि डब्यावरच्या सेफ्टी थर्मलच्या, म्हणजे डबा फार तापला की हीटरची वीज तोडणाऱ्या पार्टच्या, दोन टोकांना जोडून टाकणारी एक वायर. वायरीवर सुताची पांढरी स्लीव्ह. जोडाचं टोक दोनदा दुमडलेलं.

अशी स्लीव्ह मी चढवतो, इस्त्रीच्या कामातून उरलेली. टोक दोनदा दुमडायची सवय आयटीआयपासूनची. तो हात माझाच होता.

मग सगळं आठवलं. तीन वर्षांपूर्वीचा ऑगस्ट, सुट्ट्या लागून आलेल्या, लॉज भरलेलं, ड्रायर गरम होईना. थर्मल उडालेला सापडला. एकदाच उडणारा प्रकार, बदलावाच लागतो, आणि तो साताऱ्यात मिळेना. आमच्या धंद्यात यावर एक शब्द आहे: डायरेक्ट. म्हणजे पार्ट वगळून वायर सरळ जोडायची. "सध्या डायरेक्ट करून देतो, आठ दिवसांत पार्ट टाकतो." काकूंनी चहा दिला, मी घाट उतरलो आणि विसरलो. थर्मल का उडाला हेसुद्धा विचारलं नव्हतं.

लोकांना वाटतं, दुसरा थर्मोस्टॅट आहे ना, तो तोडेल हीटर. या मशीनमध्ये तो बाहेर जाणाऱ्या हवेच्या वाटेवर बसतो. पंखा फिरतोय तोवर त्याला गरम हवा लागते आणि तो चोख काम करतो. पंखा थांबला की हवा त्याच्यापर्यंत पोचतच नाही. इकडे कॉइल लालभडक आणि तो आपला गारठ्यात बसलेला. त्या वेळेसाठीच सेफ्टी थर्मल हीटरच्या डब्याला चिकटवलेला असतो, आणि मी नेमका तोच वगळून टाकला होता. काल रात्री मोटर अडली, कॉइल पेटती राहिली, लव भाजली. मध्ये फक्त मावशींचं नाक होतं.

हे काकूंना सांगायचं की नाही, यावर मी लव झाडत पाचेक मिनिटं काढली. शेवटी वायर कापून त्यांच्या हातात दिली. "हे मीच केलं होतं." त्यांनी वायर उलटसुलट करून पाहिली, बादल्यांकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "मग आता आज चालू होणार का?"

"फिरेल. गरम होणार नाही."

"परत तसंच करून द्या की दोन दिवस."

खरं सांगतो, या बाईला सगळं कळूनही ती असं म्हणाली याचा मला राग आला नाही. बावीस चादरी होत्या. पण हीटरची वायर मी काढलेलीच ठेवली, टोकावर टोपी चढवली. चादरी टेंपोने वाईच्या धोब्याकडे गेल्या.

निघायच्या आधी मशीन भिंतीपासून ओढलं. जागा करायला ते इतकं मागे रेटलं होतं, की हवा बाहेर नेणारा घडीचा पाइप पापडासारखा चपटा झालेला. छत्री घेऊन बाहेर गेलो. उंदीर येतात म्हणून पाइपच्या तोंडावर कुणीतरी बारीक जाळी ठोकली होती, आणि तिच्यावर ओली लव साचून घोंगडीसारखा थर धरला होता. बोटाने सोलून काढला. थर्मल तीन वर्षांपूर्वी उडाला तो यामुळे. कंडेन्सर उन्हाळे-पावसाळे त्याच कोंडलेल्या उष्णतेत शिजला. तक्रारी दोन होत्या, मोटरीची आणि हीटरची, आणि दोन्हींचं मूळ वीतभर जाळीत.

थर्मल पुण्याहून, तपकीर गल्लीतून मागवला. एसटीच्या पार्सलने दुसऱ्या दिवशी दुपारी आला आणि मी परत घाट चढलो. थर्मल बसवला, नवा पाइप सरळ टाकला, तोंडाला वाऱ्याने उघडणारी आणि एरवी मिटणारी झडप लावली. क्लॅम्प मीटरवर आठ अँपिअर. मावशींना बाहेर पाइपपाशी उभं केलं होतं.

"येतोय का वारा?"

"लई गरम वाफ येतीया!"

"आणि वास?"

थोडा वेळ पावसाचाच आवाज. "साबनाचा."

काकूंकडून कंडेन्सरचे आणि थर्मलचे पैसे घेतले, मजुरी घेतली नाही. त्यांनीही आग्रह केला नाही. मी हत्यारं भरत होतो तेव्हा मावशी काढलेली जाळी नळाखाली घासत बसल्या होत्या. "टाकून द्या ती," म्हटलं.

"टाकू कशाला? कोंबड्या कोथिंबीर उकरत्यात. वाफ्यावर घालते."