मामांची लेन्स आणि दोन मिलिमीटर

अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदूरच्या जेल रोडवर झांक्यांचे, म्हणजे चित्ररथांचे, फोटो काढायचे तर दोनच गोष्टी धड लागतात, पाय आणि फास्ट, म्हणजे भरपूर प्रकाश आत घेणारी, लेन्स. पायांचं वयाप्रमाणे चाललंय. लेन्सचं मात्र सांगण्यासारखं आहे.

माझे मामा गिरणीत हिशेबाला होते. इंदूरच्या झांक्या मूळच्या गिरणी कामगारांच्या. हुकुमचंद, मालवा, कल्याण, सगळ्या गिरण्या कधीच बंद पडल्या, झांक्या निघतातच. मामा कॅनन एई-१ गळ्यात अडकवून रात्रभर हिंडायचे. त्यावर ५० मिमी, एफ १.४ ची लेन्स (हा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त) आणि आत ४०० आयएसओचा रोल (आयएसओ जितका जास्त, तितका कमी प्रकाश पुरतो). रोलमध्ये छत्तीस फोटो, त्यातले निम्मे आम्हा भाचरंडांवर वाया.

ते गेल्यावर कॅमेरा माझ्याकडे आला. शटर अडकलेलं, लेन्स ठणठणीत. मी तोवर कॅननचाच डीएसएलआर घेतला होता, त्यामुळे लेन्स बसणारच अशा थाटात दुकानात गेले. दुकानदारानं ती बोटांत फिरवून पाहिली न् पाहिली, आणि म्हणाला, ‘‘दीदी, ये नहीं लगेगी.’’

कारण दोन मिलिमीटर. मामांच्या लेन्ससारख्या जुन्या एफडी लेन्सची कडा फिल्मपासून ४२ मिमीवर असावी लागते. १९८७ साली कॅननचा माउंटच, म्हणजे लेन्स अडकवायची खाचच, बदलली आणि ते अंतर ४४ झालं. म्हणजे कशीही बसवली तरी लेन्स दोन मिमी पुढे राहणार, आणि लांबचं काही फोकस होणार नाही. डीएसएलआरमध्ये सेन्सरपुढे आरसा असल्यामुळे आत सरकवायलाही जागा नाही. मधे भिंग असलेला अ‍ॅडॅप्टर मिळायचा, पण चांगल्या लेन्सला वरून चष्मा लावण्यातला तो प्रकार. लेन्स कपाटात गेली.

मग मिररलेस आले आणि आरसाच गेला. कॅननच्या २०१८ च्या आरएफ माउंटमध्ये हे अंतर अवघं २० मिमी आहे. उरलेले २२ मिमी भरायला एक पोकळ कडी पुरते, आत काचेचा तुकडाही नाही. सेन्सर हलवून हात स्थिर करणारी बॉडी असेल तर तिला फक्त ‘५० मिमी’ एवढं सांगायचं. फोकस हातानं करायचा, नीट जमला की कडांवर लाल रेघ चमकते. मामांच्या लेन्सला कुठलीही मोटर नाही, चिप नाही, म्हणून तर ती कुठल्याही मिररलेसवर लागते. ज्या लेन्सचं अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं भोक, कॅमेऱ्याच्या विजेवर चालतं, तिला अशी नुसती कडी पुरत नाही. हे मला आधी कळायला हवं होतं.

परवा भाचा विचारत होता, ‘‘आत्या, एफ १.२ घेऊ?’’ मी म्हटलं, हिशेब कर. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या किट लेन्सच्या ५.६ वरून १.८ वर आलास की प्रकाश जवळजवळ दहापट. तिथून १.२ वर गेलास तर जेमतेम सव्वादोनपट, आणि पैसे विचारू नकोस. शिवाय ५० मिमीवर, दोन मीटर अंतरावर १.४ ठेवलं तर फुल फ्रेमवर, म्हणजे जुन्या रोलच्या फ्रेमएवढ्या सेन्सरवर, सुमारे तेरा सेंटिमीटरच धड दिसतं. रात्रीच्या सराफा बाजारात गराडू (एक कंद) तळणाऱ्याचं नाक स्पष्ट आलं की कढई धुक्यात. १.८ घे, उरलेल्या पैशांत गराडू खा.

‘‘पण आता आयएसओ इतका सुधारलाय, फास्ट लेन्स हवीच कशाला?’’ हा त्याचा पुढचा प्रश्न. इथं झांक्यांवरच्या दिव्यांची गोष्ट येते. आता सगळीकडे एलईडीच्या माळा. त्यातल्या स्वस्तातल्या सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, डोळ्यांना कळत नाही. बिनआवाजाच्या इलेक्ट्रॉनिक शटरवर सेन्सर ओळीओळीनं वाचला जातो, आणि फोटोवर काळे आडवे पट्टे उमटतात. गेल्या वर्षी माझी अख्खी झांकी अशी पट्ट्यापट्ट्यांची आली, लुंगी वाळत घातल्यासारखी.

सगळा सेन्सर एका क्षणात वाचणारं ग्लोबल शटर यावर उतारा आहे. सोनीनं नोव्हेंबर २०२३ मध्ये ए९ थ्री जाहीर केला, फुल फ्रेममधला तसा पहिलाच. पट्टे गेले, आखाड्यातली पोरं गरगर फिरवतात त्या बनेटीची काठी वाकडी दिसणं गेलं. पण त्याचा आयएसओ सुरूच २५० ला होतो, आणि अंधारात तो सेन्सर इतरांपेक्षा थोडा मागेच पडतो. म्हणजे या बाजूनं वाचवलेलं त्या बाजूनं भरायचं, तेही लेन्सनंच. माझा अंदाज असा की हे शटर दहा वर्षांत आपल्या खिशाच्या आवाक्यात येईल, आणि त्या बॉडीवरही मामांची लेन्स एखाद्या कडीनं बसेल.

तोवर यंदा मेकॅनिकल शटर, सेकंदाचा शंभरावा भाग आणि एफ २. एवढ्यावर दिवे एकसारखे येतात, पेटती बनेटी मात्र थांबत नाही. मामांच्या एका फोटोत आखाड्यातल्या पोराचा चेहरा लख्ख आहे आणि डोक्यावर जाळाची कमान. मागे पेन्सिलीनं लिहिलंय, ‘१/६०, हात हलला.’